टॉमच्या जन्मगावाची घासाघीस

माझ्या सासऱ्यांचे आजोबा आयरिश होते, आणि यात माझा काहीही दोष नव्हता. तरी लग्नानंतरची वीस वर्षं मी त्याची शिक्षा भोगत होतो.

हे आजोबा म्हणजे सासऱ्यांच्या आईचे वडील. नाव टॉम. आयर्लंडहून भुसावळला आले, रेल्वेत इंजिन ड्रायव्हर झाले आणि तिथल्याच मुलीशी लग्न करून कायमचे राहिले. तेव्हापासून त्या घरात देवानंतर टॉम. आणि मी? लग्नात सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, माझी ओळख करून दिली ती अशी : "हे जावई. यांचा काहीतरी धंदा आहे."

काहीतरी! येवल्याहून रिकाम्या हाताने दोह्यात येऊन मी फॉल्स सीलिंगचा धंदा उभा केला. वर्ल्डकपच्या एका स्टेडियममधल्या निम्म्या खोल्यांची छतं माझी आहेत! (उरलेल्या निम्म्यांची गळतील, बघा.)

म्हणून शहात्तराव्या वर्षी अण्णांनी "टॉमच्या जन्मगावची चिमूटभर माती आणून तुळशीत घालायची आहे, गुडघे चालताहेत तोवर" असं म्हटलं, तेव्हा मी जाहीर केलं, "मी नेतो." या वेळी त्या माणसाच्या तोंडून एक चांगला शब्द काढायचाच होता.

वर्ल्डकपच्या तयारीचे ते दिवस. दोह्यातला प्रत्येक रस्ता खणलेला आणि प्रत्येक साहेबाला काम कालच हवं. ईदला जोडून मला एकच आठवडा मिळाला. साइटवरच्या आयरिश इंजिनिअरने मला मॉरीनबाईंचा नंबर दिला. या बाई आयर्लंडात लोकांना पूर्वज शोधून देतात.

बाई म्हणाल्या, "दोन गावांचं काम आहे. टॉमच्या वडिलांच्या गावचं चर्च आणि आईच्या गावचं. दोन्हीकडच्या जन्मनोंदींच्या जुन्या वह्या बघाव्या लागतील."

"आईकडचं काढून टाका आणि भाव सांगा," मी म्हटलं.

"पण पहिलं मूल असेल तर..."

"खलास!" मी म्हटलं.

आठवड्याने बाईंचा फोन. "मेयो जिल्ह्यात टॉमच्या वडिलांचं गाव सापडलं. टॉमची पाच धाकटी भावंडं वहीत आहेत. टॉम नाही."

"पाच आहेत ना? मग सहावा कुठे जातोय! पान फाटलं असेल."

त्याच गावात मी आठवडाभरासाठी घर ठरवलं. मालकाला इतका पिळला, की शेवटी तो म्हणाला, एवढं स्वस्त हवं असेल तर पैसे परत मिळणार नाहीत. मी दोह्याच्या सवयीने "शुक्रान!" म्हणून आभार मानले आणि व्हिसा यायच्या आधीच पैसे भरून मोकळा झालो.

अण्णा मातीसाठी तांब्याची झाकणाची डबी घेऊन दोह्यात उतरले. अझीझियातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळे व्हिसाचे फॉर्म भरायला बसलो. माझा फॉर्म माझी मुलगी ईरा भरत होती.

"बाबा, प्लेस ऑफ बर्थ? येवला ना?"

"चाळीसगाव."

"बट यू ऑलवेज से, वुई आर फ्रॉम येवला!"

"आहोतच. पण आजी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती ना! पहिलं बाळंतपण माहेरीच करतात."

ईराचं पेन थांबलं. "सो व्हॉट अबाउट टॉम्स मदर?"

माझी बायको सुषमा सावकाश माझ्याकडे वळली.

"अहो, आईकडचं तुम्ही काढून टाकलंत ना?"

"ते गोरे लोक आहेत गं! त्यांच्यात कुठलं आलंय माहेर!"

मी मॉरीनबाईंना फोन लावला. त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या, "तेच सांगत होते. आमच्याकडेही पुष्कळदा पहिलं बाळ आईच्या माहेरी." दुसऱ्या वहीत त्यांना टॉम तासाभरात सापडला. वेक्सफर्डमध्ये! मेयो एका कोपऱ्यात, वेक्सफर्ड थेट समोरच्या कोपऱ्यात. घरमालकाला मी चार फोन केले, चारही वेळा ओरडलो. तो "नो" एवढंच म्हणाला.

"आईकडचं काय करायचंय म्हणे!" सुषमा म्हणाली. "अण्णांना टॉम मिळाला तोच मुळी आईकडून!"

अण्णांनी फक्त ती डबी बॅगेत परत ठेवली. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग काय! मेयोला उतरल्यावर पहाटे गाडी काढली. दोह्यात उजवीकडून चालवायची सवय, तिथे डावीकडून. अख्खा देश आडवा कापला. वाटेत चार वेळा चुकलो, एका मेंढपाळाशी रस्त्यावरून भांडलो (चूक मेंढ्यांची होती), आणि दुपारी वेक्सफर्डच्या त्या लहानशा चर्चबाहेर अण्णांनी वाकून माती उचलली. डबी भरली. मॉरीनबाईंनी पूर्ण भाव घेतला. मी चकार शब्द काढला नाही.

आत पाहुण्यांची वही होती. अण्णांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं, मग सुषमाचं, ईराचं. माझ्या नावापुढे लिहिलं : जावई. ड्रायव्हर.

माझं डोकंच सटकलं. "अण्णा, छतं! मी छतं बसवतो!"

सुषमाने माझा दंड धरला. "ओरडू नका. आमच्या घरात आजवर एकाच माणसाला ड्रायव्हर म्हणत आलेत."

मी वहीतला तो शब्द पुन्हा एकदा वाचला. मग हळूच म्हटलं, "अण्णा, मग मागे एक 'चांगला' लावा की."

अण्णांनी पेनला टोपण लावलं.

"एकच भाव, जावईबापू."

घेतला.