दांडीवरचा उंदीर

लाकडाच्या वखारीवरून जाताना ओल्या भुशाचा वास आला, की मी आजही सोलापुरातल्या आमच्या फार्मसी कॉलेजच्या, पिंजऱ्यांत भुसा अंथरलेल्या प्राणिगृहात जाऊन उभी राहते.

स्किझोफ्रेनियावरच्या नव्या औषधाची चाचणी होती. तुलनेसाठी एका उंदराला जुनं औषध टोचलं होतं. त्याचे पुढचे पाय आडव्या दांडीवर ठेवून मी स्टॉपवॉच सुरू केलं. एरवी उंदीर लगेच खाली उतरतो. हा उतरेना. कूलर बंद होता, पाठीवरून घाम ओघळत होता, आणि तो उघड्या डोळ्यांनी तसाच दांडीला धरून राहिला होता.

पिंजरे सांभाळणारे बिरूमामा कासावीस झाले. "उतर की रं! मॅडम, लई हट्टी हाय का ह्यो?"

"हट्टी नाही हो मामा. त्या औषधानं त्याला हलताच येत नाही," मी म्हणाले, आणि घड्याळ थांबवायचंच विसरले.

तेच जुनं औषध घरी माझा मोठा भाऊ घेत होता. त्याच दिवशी सकाळी तो चहाचा कप हातात धरून असाच बसला होता. चहावर साय आली तरी कप ओठांपर्यंत जाईना. "नाटकं पुरे, दादा!" म्हणत मी तो हिसकावून घेतला होता.

चाचणीचा निकाल आता आठवत नाही. कप ओढला तेव्हा माझ्याकडे वळलेले दादाचे नुसते डोळे आठवतात.