साडेसात किलोच्या चिठ्ठ्या

दुष्काळाच्या वर्षी शिरूर कासारजवळ आमच्या सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली होती. रोज सकाळी जनावरागणिक चाऱ्याची चिठ्ठी छापायचा प्रोग्राम मी लिहिला होता. मोठ्या जनावराला पंधरा किलो, लहानाला साडेसात. हे आकडे एका सेटिंगच्या फाईलीत होते, म्हणजे बदलायचे झाले तर माझी वाट पाहायला नको.

एका सकाळी खिडकीवर गलका झाला. मी बाहेर गेलो तर एक धनगर म्हातारी चिठ्ठी पुढं धरून उभी होती.

"माजी म्हैस मोठी हाय का बारकी, तूच सांग बाबा."

चिठ्ठीवर साडेसात होतं. मागच्या माणसाच्या चिठ्ठीवरही साडेसातच. "का रं, काल पंधरा आन आज निम्मं?" कुणीतरी ओरडलं. माणसं खिडकीला येऊन भिडली. दावणीला जनावरं हंबरत होती.

आत येऊन मी प्रोग्राम उघडला. मी वापरलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, सेटिंगची फाईल वाचून एक ऑब्जेक्ट हातात देते. त्याला आधी विभाग सांगायचा, मग सेटिंगचं नाव, की ते आकडा काढून देतं. नाव सापडलं नाही तर कोणता आकडा द्यायचा, हेही सांगून ठेवता येतं. मी साडेसात सांगून ठेवलं होतं. प्रोग्राम अडू नये एवढाच माझा विचार होता.

फाईल पाहिली. मोठ्या जनावरांच्या विभागात 'चारा'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ए जास्तीचा होता. सकाळीच संस्थेच्या सचिवांनी फाईल उघडली होती, तेव्हाच तो घुसला असणार. ऑब्जेक्टला नाव सापडलं नाही आणि त्यानं मुकाट्यानं साडेसात दिलं.

सचिव माझ्या खांद्याशी वाकून हळूच म्हणाले, "वरून चारा कमी आलाय म्हणून सांग. चूक झाली म्हणलं तर उद्यापासून एकही चिठ्ठी खरी मानणार न्हाईत."

ते खोटं सोपं होतं. चारा कमी येणं कुणालाही पटलं असतं. पण मागं चाऱ्यासाठी आलेल्या उसाच्या वाढ्यांनी भरलेला ट्रक उभा होता, आणि म्हातारी त्याच्याकडंच बघत होती.

मी खिडकीत गेलो. "चूक माझ्या प्रोग्रामची हाय. चिठ्ठ्या परत द्या, नव्या छापतो."

मला वाटलं, आता खिडकी फुटते. मग म्हातारीनं चिठ्ठी आत सरकवली. "छाप बिगीनं. म्हैस सकाळपास्नं उपाशी हाय."

मी स्पेलिंग सुधारलं आणि तो राखून ठेवलेला आकडा प्रोग्राममधून काढून टाकला. आता नाव सापडलं नाही तर चिठ्ठी छापायचीच नाही, कोणतं नाव हरवलंय ते पडद्यावर दाखवायचं.

वाटप संपेस्तोवर ऊन डोक्यावर आलं. सचिव दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. आठवड्याभरानं पुन्हा एक नाव सापडेना आणि प्रोग्राम चिठ्ठ्या न छापता अडला, तेव्हा मात्र त्यांनी स्वतःच खिडकीत जाऊन रांगेला थोडं थांबायला सांगितलं.