नांगर कोणी धरला?

लढाई लागली आणि आमच्या ह्यांच्या कारखान्यात सुट्या बंद झाल्या. हे जबलपूरला खोली करून राहायचे. मी आणि सासूबाई सिहोऱ्याकडच्या शेतावर. त्या वर्षी भादव्यातच पाऊस गायब. धान उभ्या उभ्या वाळलं, बैलांपुढे टाकलं. उरलं ते बंधीतलं पाणी. आमच्याकडे शेताला चारी बाजूंनी उंच बांध घालून पाऊस अडवतात. थंडीची चाहूल लागली की बांध फोडायचा आणि त्या ओलीवर गहू-हरभरा मिसळून पेरायचा, म्हणजे एक गेलं तरी दुसरं हाती लागतं. वर्षभराचं खाणं आता त्या ओलीवर होतं.

शेवटच्या सुटीला आलेले हे कुदळ घेऊनच निघाले. "आजच बांध फोडतो. उद्यापासून मला कोण सोडून राहिलं?"

"ऊन तर बघा! आता पाणी सोडलं तर नुसती ढेकळं होतील. बी काय दगडात पेरायचं? पाणी तुमच्या सुटीनं चालत नाही."

"मग पेरणार कोण? तेव्हा सगळ्या गावाची घाई. नांगऱ्या मिळेल तुला?"

"मी धरीन नांगर."

बाईनं नांगराला हात लावला की पाऊस पळतो, असं तिकडे मानतात. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. "अभद्र बोलू नको! पाऊस जाईल ना!"

"आणखी कुठं जाईल? गेलाच आहे ना तो!" माझं तोंड पहिल्यापासूनच फाटकं.

ह्यांनी कुदळ आपटली आणि बस धरली. मला भीती वाटत होती. चुकलं असतं तर सगळ्यांनी माझ्याच नावानं खडे फोडले असते. पण बांधाला मी हात लावू दिला नाही.

दसऱ्यानंतर सकाळी अंगावर काटा यायला लागला, तेव्हा बांध मीच फोडला. चिखल बैलांना पेलेल इतका आळला, तशी घरोघर माणूस मागत फिरले. जो तो म्हणे, "बहू, हमारा हो जाए, फिर आते हैं." तोवर ओल काय माझी वाट बघत बसणार होती?

पहाटे बैल जुंपले. फाळ आत जाईना, गेला तर निघेना. नांगराचं पहिलं तास असं वाकडं गेलं की मलाच हसू आलं. शिवाय नांगराला बांधलेल्या बांबूच्या नळीत बी सोडायला दुसरा माणूस हवा. तो कुठून आणू?

"काहून थांबली? चल." मागे सासूबाई उभ्या. पदर खोचलेला, ओटीत बी. दिवसभर त्या माझ्यामागून नळीत बी सोडत राहिल्या.

गहू विरळ आला, पण हरभरा दाट. फक्त हिवाळ्यातला पाऊस काही आला नाही आणि गावाचं बोट आमच्याकडे वळलं. चार जाणती माणसं अंगणात येऊन उभी राहिली. "हल किसने पकड़ा था?"

मी तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी मला मागे ढकललं. "हमने, बहू ने नहीं. जो कहना है, हमसे कहो!"

माणसं पुटपुटत निघून गेली. "आई, खोटं काहून बोलल्या?" मी विचारलं.

"तुला या गावात जन्म काढायचा आहे. माझा किती उरला?" म्हणाल्या, आणि हरभरा सोलायला बसल्या. मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडले.