पुसलेली दुर्बीण

जानेवारीतला दुसरा रविवार. मुक्कामाच्या खोलीत चिखलाचे बूट घासत बसले होते, पण डोक्यात दुपारची नाव होती. धरणाच्या पाणथळीत नावाडी शंकरकाका नुसत्या डोळ्यांनी पक्षी हेरत होते आणि मी महागड्या दुर्बिणीतून ते बघत होते. रोहित पक्ष्यांचा थवा उतरला तेव्हा काका म्हणाले, "ताई, जरा बघू का त्यातनं?"

दिली. "आयला, पीस न् पीस मोजून घ्यावं!" ते खूश होऊन हसले. दुर्बीण परत येताच मी ओला टिश्यू काढून डोळ्यांकडची बाजू पुसली. सवय म्हणावी, तर सकाळी मैत्रिणीने पाहिल्यावर पुसली नव्हती.

पुढे चमचे पक्षी दिसले. मी दुर्बीण पुढे केली.

"नको ताई. मला असंच दिसतंय."

लांबचं स्वच्छ दिसावं म्हणून एवढा खर्च केला. हातभर अंतरावर आपण काय करतो, ते मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नावेत चढण्याआधीच म्हटलं, "काका, काल तुमच्यासमोर दुर्बीण पुसली. माझं चुकलं."

"असू द्या," म्हणत त्यांनी वल्हं उचललं.

मी दुर्बीण पुन्हा पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.