पळून शरीर गंजतं म्हणे

लातूरच्या भूकंपानंतर आमच्या घरात सगळे छताकडे बघत झोपायचे. मी पहाटेच बाहेर पडून मुरुडच्या रस्त्यानं पळायला लागले. घरात छाती धडधडायची ती भीतीनं. पळताना धडधडायची ती माझ्या मर्जीनं. पुढे मुलींची पोलीस भरती निघाली आणि त्या पळण्याला कारणही मिळालं.

दादा तेव्हा लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होता. क्लासच्या नोट्स म्हणजे घरोघरी वेदवाक्य. एका रविवारी जेवताना त्यानं अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, धडा ऐकवला. लांब पळलं की शरीर जास्त ऑक्सिजन वापरतं, त्यातून फ्री रॅडिकल्स तयार होतात आणि ते पेशींना इजा करतात, लोखंडाला गंज चढावा तसं. अण्णांना रॅडिकल कळले नाहीत, गंज कळला. पोरीनं रस्त्यावर पळू नये असं त्यांना आधीच वाटत होतं. आता शास्त्रही हाताशी आलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

"उद्यापासून पळणं बंद," अण्णा म्हणाले. "आतून गंजलेली पोरगी कोण करून घेईल?"

माझं डोकंच फिरलं. दादाचे कपडे पोचवायच्या निमित्तानं मी लातूर गाठलं आणि क्लास सुटल्यावर त्याच्या सरांनाच विचारलं. ते म्हणाले, धडा पुढं आहे की. रोज बेताबेतानं पळणाऱ्याचं शरीर ती इजा आवरायला शिकतं, उलट दणकट होतं.

"मग हे शिकवलं का न्हाई?"

"त्यावर प्रश्न येत नाही, बेटा."

दादा शेजारीच उभा होता. एवढं घरी येऊन सांग, असं मी त्याला विनवलं. परीक्षा झाल्यावर सांगतो म्हणाला. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी स्वतः सांगून पाहिलं, तर अण्णांनी विचारलं, "क्लासात तो शिकायलाय का तू?"

भरतीच्या दिवशी गावातल्या दोघी पोरी सकाळच्या एसटीनं लातूरच्या मैदानावर निघाल्या. लातुरात शिकणाऱ्या पोरांचे जेवणाचे डबेही त्याच गाडीनं जायचे. मी दादाचा डबा ड्रायव्हरच्या मागं ठेवायला चढले. दोघींतली एक सरकून बसली.

"ये की, जागा हाय."

खाली अण्णा उभे होते. मी डबा नीट टेकवून ठेवला आणि उतरले. गाडी गेली. पायांत सगळं बळ तसंच भरलेलं होतं, आणि मी अण्णांच्या मागून चालत घरी आले.