चंदेरी जाळी

आमच्या ह्यांना त्या ट्रकने अकरा वर्षांत एकदाही दगा दिला नव्हता. खाणीतून खडी भरायची, डोंगराचा चढ चढून खिंडीपलीकडे रिकामी करायची आणि परत यायचं. हे ट्रककडे जितक्या मायेने बघायचे, तितक्या मायेने माझ्याकडेही कधी बघत नसत, आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवायचे.

या उन्हाळ्यात मात्र चढावर ट्रकचा जीव जायला लागला. अर्ध्या वाटेतच काळा धूर, पहिला गिअर आणि मागे हॉर्न मारणाऱ्यांची रांग. मालकाने ह्यांना बोलावून सांगितलं, "शुक्रवारी भरलेली गाडी न थांबता खिंडीत पोचली तर ठीक. नाहीतर ती भंगारात, आणि तुम्ही खाणीच्या फाटकावर वॉचमन." ह्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

गॅरेजच्या मिस्त्रीचं म्हणणं, इंजिनात जाणारी हवा फार तापते. गरम हवा फुगते, मग आत कमी मावते आणि इंजिनाला दम पुरत नाही. मला काही पटेना. जिथे आत जाळच करायचा, तिथे हवा थंड कशाला हवी? "वहिनी, तुम्ही फक्त आकडे वाचा," असं म्हणून त्याने हवेच्या पाइपला तापमानाचं मीटर जोडलं आणि मला ह्यांच्या शेजारी बसवलं.

"पाणी किती तापलंय?" चढावर ह्यांनी विचारलं.

"पाण्याचा काटा मध्यावर."

"आणि हवा?"

"अठ्ठ्याऐंशी."

"अगं, बाहेर तेहेतीस आहे! नीट बघ."

"मला आकडे वाचता येतात हो!"

पाणी ठीक आणि हवा तापलेली, हे कुठलं गणित? दोघांचंही डोकं चालेना.

मग ज्याने त्याने अक्कल पाजळली. एअर फिल्टर बदलला, तरी अठ्ठ्याऐंशी. पाइपला उष्णता अडवणारं कापड गुंडाळलं, सत्त्याऐंशी. दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या सांगण्यावरून हवा ओढणारं तोंड टपाच्या वर नेलं, तर नव्वद! आणि रिकाम्या गाडीने उताराला लागलो की मीटर निमूटपणे चाळीसवर. ट्रक आमची चेष्टा करतोय असं मला खरंच वाटायला लागलं. हे जेवताना मध्येच हात थांबवून शून्यात बघत बसायचे.

गुरुवारी मिस्त्रीने शेवटचा उपाय म्हणून ट्रकचं पुढचं तोंड उघडलं. रेडिएटरच्या पुढे एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं. टर्बो नावाच्या पंख्याने दाबून तापलेली हवा इंजिनात जाण्याआधी त्या जाळीतून जाते, आणि पट्ट्यांच्या फटींतून घुसणारा वारा तिला थंड करतो. मिस्त्रीने स्क्रूड्रायव्हरने एक फट खरवडली. चंदेरी रंगाचा जाड पापुद्रा निघाला. त्याखाली आणखी एक. सगळ्या फटी लिंपल्यासारख्या बुजलेल्या.

"हे कुठल्या शहाण्याचं काम?" मिस्त्रीने कपाळाला हात लावला.

तो शहाणा म्हणजे मी. दरवर्षी ट्रक धुऊन झाला की ह्यांची कंबर धरते म्हणून पुढचं तोंड उघडून तो भाग मी रंगवायचे. मला ती शोभेची जाळी वाटायची. एकही फट राहू नये म्हणून मी ब्रश दाबून दाबून फिरवायचे, आणि हे लांब उभे राहून म्हणायचे, "झकास!"

तो रंग काही निघेना. मिस्त्रीने मोडीत निघालेल्या एका ट्रकचा इंटरकूलर आणून बसवला. शुक्रवारी भरलेल्या गाडीत मी मीटर वाचत होते. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस. पुन्हा सत्तेचाळीस. खिंड आली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी स्टिअरिंगवर थोपटलं.

मालक मागून जीपने आला होता. खुशीत होता. "काय निघालं शेवटी?" त्याने विचारलं. नुसतं 'कूलर खराब होता' म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हे म्हणाले, "त्याला रंग दिला होता. अकरा वर्षं. वारा अडला."

"कुणी दिला?"

"मी."

मालक हसला, मग हसायचा थांबला. ह्यांच्या हलगर्जीपायी धडधाकट गाडी आपण भंगारात काढत होतो, हे त्याच्या मनाला लागलं असावं. सोमवारपासून ट्रक दुसऱ्या ड्रायव्हरकडे गेला आणि हे फाटकावर बसले.

आठ दिवस मी वाट बघितली. एक टोमणा नाही, एक वाकडा शब्द नाही. ते रागावले आहेत की नाहीत, तेच मला कळेना. शेवटी डबा द्यायला फाटकावर गेले तेव्हा मला राहवलं नाही.

"अहो, रंग मी दिला होता. माझं नाव का नाही घेतलंत?"

भरलेला ट्रक फाटकातून बाहेर पडत होता. तो वळणाआड जाईपर्यंत ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"रंगाचा डबा दरवर्षी मीच आणत होतो ना," हे म्हणाले, आणि फाटक लावायला उठले.