सदाशिवरावांचे हात

आमचे मधुकरराव भाऊजी म्हणजे हिंगणघाटातले मोठे चित्रकार. निदान तसं तेच सांगत. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि घरी वकील, सावकार, कापसाच्या जिन-कारखान्यांचे मालक यांची तैलचित्रं काढायचे. कोट, फेटा, हातात काठी. माणूस कसाही असो, चित्रात तो सगळ्या मुलखाचा कारभार आटोपून नुकताच टेकलेला.

पण ही बडी मंडळी तासन्‌तास बसणार थोडीच! चेहऱ्यापुरती बसायची की चालली. बाकीच्या अंगासाठी माझी बहीण होती ना, नलूताई. स्वैपाक उरकला की ती बिचारी त्या गृहस्थाचा कोट चढवून, काठी धरून खुर्चीत बसायची.

"हलू नको वं! सदाशिवरावचा हात बिघडून राह्यला," जिनवाल्या सदाशिवरावांचं चित्र चालू असताना भाऊजी खेकसायचे.

"माहं चित्र कधी काढता?" ताईनं एकदा माझ्यादेखत विचारलं. जन्मात तिनं नवऱ्याजवळ एवढं एकच मागितलं.

"तुले काय घाई हाय? तू त घरातच हायेस."

छप्पन सालच्या उन्हाळ्यात ताई तापानं गेली. तिचा साधा फोटोसुद्धा कुणी काढलेला नव्हता. तेराव्याला पाटावर ठेवायला चित्र हवं, म्हणून भाऊजी कॅनव्हास घेऊन बसले. लुगडं झालं, काठ झाले, गळ्यातली पोत झाली. चेहऱ्याची जागा कोरीच. मग मला हाक मारून विचारतात काय, "इंदू, नलूच्या कोन्या गालावर तीळ होता?"

ताईला तीळ नव्हताच. तो सदाशिवरावांना होता. इतकी वर्षं समोर बसवलेल्या बायकोचं तोंड या माणसानं कधी धड पाहिलंच नव्हतं! मला किळस आली, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलं. चित्रातला चेहरा कोराच राहिला.

संक्रांतीला मी कुंकवाची कुयरी घेऊन सदाशिवरावांच्या जिनात गेले. कचेरीत त्यांचं चित्र टांगलेलं होतं. तीळ त्यांचा, मिशा त्यांच्या. पण काठीवरच्या अंगठ्याला ताईच्या तव्याच्या चटक्याचा डाग होता. भाऊजींनी तोही हुबेहूब उतरवला होता. मी त्या बोटांना कुंकू लावलं.

दिवाणजी धावत आले. "बाई, शेठच्या फोटोले काऊन हात लावून राह्यल्या?"

"तुमच्या शेठले कोन लावते? माह्या बहिणीले लावलं."